सत्तावन्न किलोंच्या माणसाची कॅटामरान

गेल्या जानेवारीत एका शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला देवळीच्या भीमराव वासनिकांनी सोळा फुटी कॅटामरान धरणाच्या पाण्यात मुद्दाम उलटवली. पुढची वीस मिनिटं ते ती सरळ करायचा प्रयत्न करत होते. बोट सरळ झाली नाही.

ती बोट मी सुचवली होती.

मी मरीन सर्व्हेयर. एखादी बोट पाण्यात उतरवण्यालायक आहे का, कोणत्या कामाला योग्य आहे, हे तपासून रिपोर्ट द्यायचा. हे काम मी कोकणातल्या बंदरांवर सत्तावीस वर्षं केलं. निवृत्त होऊन बोरगाव मेघेला परतलो, तेव्हा हा विषय संपला असं धरून चाललो होतो. मग वासनिक आले.

वासनिक कृषी खात्यातून निवृत्त झालेले. नागपूरच्या तलावावर दोन हिवाळे शिडाची बोट शिकले. धरणावरची परवानगी त्यांनी आधीच काढली होती. आठवडाभर एकट्यानं जायचं आणि रविवारी पत्नी शोभाताई आणि मुलगी प्रज्ञा यांना न्यायचं, अशी एकच बोट त्यांना हवी होती.

कॅटामरान म्हणजे दोन अरुंद तरंगते भाग, त्यांना हल म्हणतात. दोन हलच्या मध्ये ताणलेली जाळी, वर डोलकाठी आणि शीड. ती फारशी डुलत नाही. शोभाताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. जाळीवर पाय लांब करून बसता येतं. दोष एकच. ती उलटली की तशीच पडून राहते. सरळ करायला खालच्या हलवर उभं राहायचं, वरच्या बाजूचा दोर धरायचा आणि मागे झुकायचं. इथे ताकद कामाला येत नाही, शरीराचं वजन येतं. वासनिकांचं वजन सत्तावन्न किलो.

मी तिघांची वजनं आणि सामान यांची बेरीज केली. एकशे नव्वद किलो. चौदा फुटी बोट दीडशे पेलते. रिपोर्टमध्ये लिहिलं: सोळा फुटी घ्यावी.

रिपोर्ट शोभाताईंनीही वाचला. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "एकटे जाता ना? मंग एकट्यानं उलटवा अन् एकट्यानं सरळ करून दाखवा. माह्या डोयासमोर. नाई जमलं तं बोट नाई."

म्हणून ही चाचणी. वासनिक जिथे शिकले त्या नागपूरच्या क्लबनं दोन्ही मापांच्या बोटी ट्रेलरवर आणल्या. पाण्यात लक्ष ठेवायला नथ्थूभाऊ होते. ते याच धरणात जाळी टाकतात. वीस मिनिटांनी वासनिकांचे ओठ निळे पडले, तेव्हा नथ्थूभाऊंनी आपली लहान होडी, म्हणजे डोंगा, जवळ घेतला, ते वासनिकांशेजारी हलवर चढले आणि त्याच दोराला लटकले. बोट लगेच सरळ झाली. बोटीत खोट नव्हती. माणूस हलका होता.

"झालं?" काठावरून शोभाताईंनी विचारलं.

"पानी थंड होतं," वासनिक म्हणाले.

"धरन तापवून देऊ का तुमाले?"

चहा झाला. तासाभरानं वासनिकांनी चौदा फुटी बोट उलटवली. पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्यात, चार मिनिटांनी, ती सरळ झाली.

"हेच घ्या मंग," शोभाताई म्हणाल्या.

"ताई, हिच्यात तिघं बसणार नाहीत," मी म्हणालो.

म्हणजे एकट्यासाठी लहान, घरच्यांसाठी मोठी, आणि दोन्ही जमवणारी बोट माझ्या यादीत नव्हती. वासनिकांनी लाइफ जॅकेटचे बंद सोडायला घेतले.

"राहू द्या सर. ह्याइले घरी ठेवून एकटाच फिरू का म्या? नाईच घेत."

नथ्थूभाऊ लुंगी पिळत होते. "काऊन जी साहेब, तिघं एकदम काऊन बसतीन?"

"घरची बोट आहे ना," मी म्हणालो.

"आमच्यात घरचे सारे एका डोंग्यात बसतच नाई. एक तरी काठावर राह्यते. डोंगा डुबला तं हाका मारायले कोनी पायजे ना? माह्या आज्यापासून असंच हाय."

मग शोभाताई म्हणाल्या, "बराबर हाय. मी अन् प्रज्ञा पाळीपाळीनं बसू. अन् डबा बी माकडाइपासून राखाले कोनी पायजेच."

वासनिक आणि दोघींपैकी एक, अशा दोघांची बेरीज एकशे तीसच्या आत येत होती; चौदा फुटी दीडशे पेलते. सत्तावीस वर्षं मी फॉर्मवर 'कुटुंबातील सदस्य' हा रकाना भरून घेतला आणि आकडे जोडले. एका वेळी किती जण बसणार, हे एकाही गिऱ्हाइकाला विचारलं नव्हतं. आता तो रकाना 'एका वेळी बसणारे' असा बदलला आहे.

चाचणी न होता बोट आली असती, तर एखाद्या मंगळवारी वासनिक त्या सोळा फुटी बोटीसह धरणाच्या मध्यावर एकटे असते, माझ्या सहीच्या भरवशावर. तसं झालं नाही, याचं श्रेय शोभाताईंच्या अटीला आणि नथ्थूभाऊंच्या घरच्या रीतीला आहे. मी नथ्थूभाऊंना तसं सांगितलं.

"फार उपकार झाले तुमचे."

"उपकार कायचे? जाळ्याइवरून बोट नेऊ नका म्हना त्याइले."

तेही रिपोर्टमध्ये घातलं. जाळ्यांच्या जागा नथ्थूभाऊंनी नकाशावर दाखवल्या, आणि पाण्याखाली उभे असलेले जुन्या झाडांचे खुंटही. खुंटांमुळे हल जाड प्लास्टिकचे ठरले. फायबर त्यांच्यावर तडकतं. डोलकाठीच्या टोकाला हवेचा फुगा बसवला. उलटलेली बोट त्यामुळे आडवीच राहते, पूर्ण पालथी होत नाही.

नवी चौदा फुटी बोट मार्चमध्ये आली. त्याच काठावर शोभाताईंनी मोबाइलवर टायमर लावला. वासनिकांनी बोट उलटवली आणि तीन मिनिटांत सरळ केली.

त्यानंतर वासनिक अकरा वेळा एकटे गेले आहेत. त्यात बोट दोनदा उलटली. दोन्ही वेळा ते ती एकट्यानंच सरळ करून तिच्यावर बसून परत आले.