घरचा सेमिनार

"आधी घरी सांगितलं का?"

एम.टेक.चा कुणीही विद्यार्थी प्रबंधाचा विषय घेऊन केबिनमध्ये शिरला, की सर चष्मा काढून टेबलावर उलटा ठेवायचे आणि हा प्रश्न टाकायचे. नव्या पोरांना वाटायचं, घरच्यांची परवानगी विचारताहेत. ती मान डोलवून मोकळी व्हायची. मग सर म्हणायचे, "काय सांगितलं, ते मला सांग." आणि भल्याभल्यांची दांडी गुल व्हायची.

बीडजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल विभागाचं पदव्युत्तर खातं सरांकडे होतं. हजेरी किती हवी, सेमिनार कधी द्यायचा, नोंदणी किती वर्षं टिकते, सगळे नियम त्यांच्या जिभेवर. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, प्रत्येक कचेरीत एक असतोच. पण तुमच्या माणसाला नियम वापरून लोकांना हाकलायला आवडत असेल. आमच्या सरांना नियम वापरून लोकांना आत घ्यायला आवडायचं, आणि त्यासाठी नियम कमी पडला तर ते नवा करायचे. हे दुसरं आम्हाला फार उशिरा कळलं.

माझ्या वेळी विभागात एका प्रकरणाची फार चर्चा होती. एकाने मित्राचा जुना प्रबंध घेऊन त्यातले आकडे तेवढे बदलले होते. नक्कल पकडणाऱ्या संगणकातून तो कसाबसा सुटला, पण आभाराचं पान बदलायचं विसरला. परिणामी त्याने छापील अक्षरांत मित्राच्या बायकोचे आभार मानले, तेही 'रात्रंदिवस दिलेल्या साथीबद्दल'. सरांनी दोघांनाही समोर उभं केलं.

"प्रबंध ढापलास ते समजलं," सर त्याला म्हणाले. "ह्याच्या बायकोनं तुला साथ कवा दिली, तेवढं सांग."

मित्रही बिचारा त्याच्याकडे टक लावून बघत होता. ढापणाऱ्याला सगळा प्रबंध नव्याने करावा लागला. त्या दिवसापासून विभागात नियम आला, की आभार प्रत्येकाने हाताने लिहायचे आणि ज्यांचे मानले त्यांना वाचून दाखवायचे.

पण सरांचा सगळ्यात मोठा नियम म्हणजे घरचा सेमिनार. प्रबंध सादर करण्याआधी समितीपुढे जो सेमिनार द्यावा लागतो, त्याच्याही आधी तो घरी द्यायचा. आपल्या बोलीत द्यायचा. यंत्राच्या भागांची नावं सोडली तर इंग्रजी शब्द चालणार नाही. ऐकणाऱ्या प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा आणि शक्यतो सर स्वतः हजर राहणार. आमच्यातल्या एकाला त्याच्या चुलत्याने विचारलं, "हे तुला तरी समजलंय का?" सर म्हणाले, त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रश्न तोच होता.

माझं घर नेकनूरजवळच्या वस्तीवर. घरात शेळ्या-मेंढ्या, दोन म्हशी आणि एक कडबाकुट्टी. ज्वारीचा कडबा बारीक करायचं हे यंत्र विजेवर चालतं, आणि आमचं तर खरोखरच चालायचं. बटण दाबलं की थरथरत अंगणभर फिरायला निघायचं. वडील, म्हणजे आमचे दादा, ते म्हशीच्या दाव्याने लिंबाला बांधून ठेवायचे. माझ्या एम.टेक.चा विषय त्यातूनच निघाला. पात्यांना धार लावून लावून एक पातं दुसऱ्यापेक्षा हलकं होतं, चाक फिरताना एका बाजूला ओढ घेतं आणि सगळं यंत्र हलतं. ही कंपनं कशी थांबवायची, एवढंच माझं संशोधन.

एवढंच म्हणते खरी, पण मधल्या काळात आईच्या आजारपणामुळे माझी दोन सत्रं वाया गेली होती. नोंदणीची मुदत त्याच सत्रात संपत होती. प्रबंध तेव्हा गेला नाही तर सगळं पाण्यात. त्यात घरी लग्नाचं चाललेलं. दादांचं म्हणणं सरळ होतं. स्थळ चांगलं आहे, लग्न आधी होऊ द्या, डिग्रीचं सासरचे बघतील. सासरचे म्हणजे कसं बघतात हे मी मैत्रिणींच्या बाबतीत पाहिलं होतं. मला रात्री झोप लागत नव्हती.

घरच्या सेमिनारला रविवार ठरला. आणि मामांनी नेमका त्याच रविवारी चौसाळ्याच्या पाहुण्यांना मला बघायला बोलावलं. मला हे सकाळी कळलं, तेव्हा सर एस.टी.तून उतरून वस्तीच्या वाटेला लागले होते. उन्हात, गळ्यात लाल टाय.

दादा सामोरे गेले. "सर, आज न्हाई जमायचं. पाव्हणे येतेत पोरीला बघायला."

"येऊ द्या की," सर म्हणाले. "समितीत चार माणसं वाढली."

"तसं न्हाई सर, बघायचा कारेक्रम हाय."

"दादा, नियम हाय. माझ्या हातात असतं तर मी गेलो असतो माघारी." एवढं बोलून ते खाटेवर बसले आणि पाणी मागितलं. आता तुम्हीच सांगा, पाणी मागितलेल्या माणसाला कुणी माघारी लावतं का?

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. मी साडी नेसून पोह्यांच्या बश्या दिल्या, नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. रिवाजाप्रमाणे आता मी आत जायचं. तेवढ्यात सर उभे राहिले, टाय सारखा केला आणि म्हणाले, "मंडळी, आता उमेदवार आपला विषय मांडतील." पाहुण्यांना वाटलं, आमच्यात अशीच पद्धत असेल. मुलाचे काका तर मांडी बदलून नीट बसले.

मी बोलायला लागले आणि एकदा कडबाकुट्टीशी पोचले तशी जीभ सुटली. पातं कसं झिजतं, चाक कसं ओढतं, मी कुठे किती वजन लावलं, यंत्राच्या पायाखाली रबर का घातलं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "दादा, दावं सोडा."

दादा जागचे हलेनात. "पाव्हण्यांच्या अंगावर गेली म्हंजे?"

"सोडा, दादा," सर म्हणाले आणि स्वतःच यंत्रापाशी वाकले. त्यांचा टाय चाकाशेजारी लोंबायला लागला. आतापर्यंत एक शब्द न बोललेली माझी आई दारातून तरातरा आली. "सर, आधी तो गळ्यातला पट्टा काढा. पोरगी शिकायची ऱ्हाईल अन् तुमचीच कुट्टी व्हईल." सरांनी निमूट टाय काढून खिशात कोंबला. पाहुणीबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

दादांनी दावं सोडलं, मी बटण दाबलं. यंत्र गरगरलं, कडबा तुटायला लागला, आणि ते जागेवरच उभं राहिलं. दादा दोन्ही हात पसरून त्याच्यापुढे उभे होते, उधळलेला बैल अडवावा तसे. बऱ्याच वेळाने त्यांनी हात खाली घेतले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला रडू यायला लागलं.

मग प्रश्न. मुलाच्या वडिलांनी सरळ विचारलं, "लग्न पुढच्या महिन्यात उरकायचं म्हणतोय आमी. मग हे शिक्षण कावून पायजे?"

मी सरांकडे पाहिलं. ते उठले, पण आवाज चढवला नाही. "लग्नाच्या नोंदणीला मुदत न्हाई, पाव्हणे. हिच्या नोंदणीला हाय. ह्या सत्रात प्रबंध न्हाई गेला तर हे सगळं आज झालंच न्हाई असं धरतेत. आता तुमीच बघितलं. झालं का न्हाई झालं?"

पाहुण्यांनी यंत्राकडे पाहिलं. "झालं की," ते म्हणाले.

"मुलाचा प्रश्न राहिला," सर म्हणाले. "नियमानं प्रत्येकानं विचारायचा असतोय."

मुलगा खाली बघत होता. म्हणाला, "रबर का घातलं, ते मला नीट समजलं न्हाई. परत एकदा सांगता का?"

मला तो तिथेच आवडला. मी परत एकदा सांगितलं, आणि त्यानेही दुसऱ्यांदा समजून घेतलं. लग्न प्रबंधानंतर, असं त्याच बैठकीत ठरलं.

संध्याकाळी सरांना एस.टी.पर्यंत सोडायला मी नेकनूरला गेले. मी विचारलं, "सर, विद्यापीठाने हा घरच्या सेमिनारचा नियम कधी काढला?"

सर एस.टी.च्या वाटेकडे बघायला लागले. म्हणाले, "मी एम.टेक. केलं, इथं प्राध्यापक झालो. आमचा बाप मरेपर्यंत लोकांना सांगायचा, पोरगा एस.टी.त मेकॅनिक हाय. लई अभिमानानं सांगायचा. मी बी कदी सांगितलं न्हाई, नेमकं काय करतो ते." मग बस आली आणि ते खिडकी पकडायला धावले.

प्रबंध वेळेत गेला. लग्न झालं. तोंडी परीक्षा लागेपर्यंत सर निवृत्त होऊन परळीकडे धर्मापुरीला, आपल्या गावी राहायला गेले होते. परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं, त्यामुळे दोन जीप भरून माणसं आली. माहेरची आणि सासरची. बाहेरून आलेले परीक्षक एवढी पागोटी-टोप्या बघून क्षणभर दारातच थबकले.

सगळं चांगलं झालं. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्ही म्हणालात, घरचा सेमिनार नियमानुसार झाला. हा नियम कोणत्या विद्यापीठाचा?"

सरांच्या जागी आलेल्या नव्या समन्वयकांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. कुणालाच माहीत नव्हतं, कारण असा नियम कुठल्याच विद्यापीठात नव्हता. मागच्या रांगेतून माझे सासरे म्हणाले, "आमच्यात असतोय." परीक्षक हसले आणि त्यांनी मला पास केलं.

मी तशीच बाहेर व्हरांड्यात येऊन सरांना फोन लावला. "सर, पास झाले."

पलीकडे फोन सरांच्या कानापासून लांब गेला आणि सर घरात कुणाला तरी सांगायला लागले. "अगं, ती नेकनूरची पोरगी पास झाली. कडबाकुट्टीवाली. म्हंजे बघ, पात्याला धार लावली की काय व्हतंय..." त्यांनी काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, सगळं पहिल्यापासून सांगितलं. माझ्यापेक्षा सोपं सांगितलं. मी फोन कानाला लावून ऐकत उभी राहिले.

मग काकूंचा आवाज आला. "ते ठीक हाय. पर बोटं? माझ्या भावाची दोन बोटं गेलीती तसल्याच मशीनीत. ती वाचत्यात का आता?"

सर परत फोनवर आले. "हाईस का गं? काकूचा प्रश्न आला हाय."

"नाही सर," मी म्हणाले. "बोटांचं काही केलेलं नाही."

त्यांनी ते तिकडे सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग पास कावून केलं हिला?"

सर हसायला लागले. इतकी वर्षं त्यांना पाहिलं, पण असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. इकडे मीही हसत होते आणि डोळे पुसत होते.

सर आता नाहीत. मी पीएच.डी.ला नाव घातलंय. विषय कडबाकुट्टीच, पण या वेळी बोटांचा. हात आत ओढला जायच्या आधी यंत्र थांबलं पाहिजे. दर सहा महिन्यांनी समितीपुढे प्रगती मांडावी लागते, आणि तिच्या आदल्या रविवारी मी धर्मापुरीला जाते. काकू ज्वारी निवडता निवडता ऐकतात. मधे बोलत नाहीत. माझं सांगून झालं की सूप बाजूला ठेवतात आणि विचारतात, "अन् बोटं?"