संरक्षण खात्यातली कपात

आपल्या देशाचा सगळ्यांत काटेकोर अर्थमंत्री मलकापुरात राहत होता आणि दिल्लीला त्याचा पत्ता नव्हता, असं मी शपथेवर सांगायला तयार आहे. हे अर्थमंत्री म्हणजे आमच्या हिचे सख्खे मामा. फौजेत उभी हयात त्यांनी कोठारावर काढली. बूट, घोंगड्या, डाळ, रॉकेल, जे आलं ते मोजून घेतलं आणि जे दिलं ते मोजून दिलं. हवालदार होऊन पेन्शनीत आले, तेव्हा मोजायला हाताशी काही उरलं नाही. दोन एकर ऊस मोजून किती मोजणार? मग त्यांनी सरळ देशच हाती घेतला. कऱ्हाडच्या बाजारातून लाल कापडी पाठीची वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'भारत सरकार, जमा व खर्च'. देशाची तूट भरून काढायची, तीही कर्ज न काढता आणि नोटा न छापता, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. "जमा एवढी, खर्च तेवढा. टॅली झालंच पायजे. आमच्या कोठारात एक चमचा कमी आला तर साहेब रात्रभर झोपू देत नव्हता, अन् हितं एवढा देश तुटीत जातोय तर समदी घोरत्यात!"

त्यांची वही घरातच राहिली असती तर आमची काही तक्रार नव्हती. पण मामा तत्त्वाचे. जे देशाला सांगायचं ते आधी घरात वर्षभर करून बघायचं, असा त्यांचा दंडक होता. एक एप्रिलला वर्ष सुरू व्हायचं आणि एकतीस मार्चला वही मिटायची. प्रयोग यशस्वी झाला तर त्याचं टाचण घेऊन मामा साताऱ्याला यायचे, मी ते इंग्रजीत करून कचेरीतल्या यंत्रावर टाइप करायचं आणि ते दिल्लीला धाडायचं, असं ठरलेलं होतं. मी सरकारी कारकून, म्हणजे मामांच्या लेखी अर्धा दिल्लीतलाच. या व्यवस्थेत त्यांचं घर म्हणजे देश, मामा म्हणजे केंद्र आणि मामी म्हणजे सदोदित जास्तीचा वाटा मागणारं राज्य सरकार. कऱ्हाड हाकेच्या अंतरावर, पण तिथून आणलेली प्रत्येक वस्तू आयात धरली जाई. परकीय तेल वाचवायचं म्हणून एका वर्षी मंगळवारी फोडणी बंद झाली. मामींनी हूं की चूं केलं नाही. मंगळवारी मामांपुढे पांढरीफटक आमटी ठेवायची आणि आपण शेजारणीकडे जाऊन पोटभर जेवायचं, असं त्यांनी वर्षभर चालवलं. साबणाची वडी दोऱ्याने कापून चार भाग होत. मी एकदा भोळेपणाने विचारलं, "मामा, दिल्लीने साबण कसा कापायचा?" तर म्हणाले, "जावईबापू, तुमी कारकूनच ऱ्हानार."

कपातीपेक्षा कर बरे, असं म्हणावं तर करांचीही धास्तीच होती. पाहुण्याला पहिला कप चहा मोफत, कारण ती गरज. दुसरा कप ही चैन, म्हणून त्यावर दहा पैसे कर. ते पैसे दाराजवळच्या फौजी पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि मामा त्याची सहीनिशी पावती देत. त्यांचे व्याही विट्याचे, तालेवार माणूस. जावयाचं कानपूरला सोनं-चांदी गाळायचं गलाईचं दुकान. तर या व्याह्यांनाही पहिल्या भेटीत दहा पैशांची पावती मिळाली होती. लेकीच्या सासऱ्याला! मामी आठ दिवस बोलल्या नाहीत. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मामा रेडिओला कान लावून बसत आणि आपलं काय काय दिल्लीने उचललं ते टिपून घेत. एका वर्षी बिडीवरचा कर वाढला. तो मामांच्या कागदात होता. झालं, मामा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात जाऊन तिथे बसलेल्या प्रत्येक बिडीवाल्याची त्यांनी माफी मागितली. "गड्यांनो, माझाबी नाइलाज हुता." त्यावर एक म्हातारा म्हणाला, "व्हय मामा, पर बिडीची एवढी म्हागाई केलीसा, तवा निदान काडेपेटी तरी सवस्त करायची हुती." मामांनी ते वहीत लिहून घेतलं.

एका खर्चाला मात्र कधी कात्री लागली नाही. माजी सैनिक म्हणून मामांना साताऱ्याच्या कॅन्टीनमधून दरमहा रम मिळे. ती आणायला ते आमच्याकडे येत, मुक्काम करत आणि पहिल्या कपावरच थांबत. रोज संध्याकाळी दिवेलागणीला एक पितळी माप भरून, डोळ्यांसमोर धरून, एक थेंब कमी नाही की जास्त नाही, असा त्यांचा कार्यक्रम असे. हा खर्च वहीत 'संरक्षण' या सदरात लिहिलेला. मामी म्हणायच्या, "आवं, फोडणी बंद करता, साबन कापता, अन् तुमची रम संरक्षनात कशी वो?" मामा शांतपणे सांगत, "फौजेनं सुरू केलेली हाय. संरक्षनात कपात न्हाई म्हंजी न्हाई." पुढे वाद नाही.

इतकं करूनही वही कधी जुळायची नाही. कधी बैल आजारी पडे, कधी वादळात पत्रे उडत. दरवर्षी दिल्लीला जाणाऱ्या कागदाच्या शेवटी मला टाइप करावं लागे, 'आमच्या घरी थोडी तूट आली, क्षमस्व.' त्या ओळीशी मामांचा चेहरा पडायचा. तूट नसलेला एक तरी कागद आपल्या हातून दिल्लीला जावा, एवढी एकच इच्छा त्या माणसाला होती. आणि चौऱ्याहत्तर सालच्या मार्चमध्ये ती पुरी व्हायची वेळ आली. अकरा महिने वही पैशाला पैसा जुळत आली होती. महागाईने सगळ्यांचं कंबरडं मोडलं होतं आणि मामा मात्र बाराव्या महिन्यात ताठ मानेने शिरत होते. त्यांची लेक सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पण त्याचीही त्यांना धास्ती नव्हती. एप्रिलचा पहिला आठवडा सांगितला होता. बाळंतपणाची सगळी तरतूद मामांनी नव्या वर्षात करून ठेवली होती, अगदी डिंकाच्या लाडवांसकट.

मार्चच्या मध्याला नर्सबाई सुमनला तपासून म्हणाल्या, "दिवस आलेच म्हणायचे." मामांनी त्यांना अंगणात गाठलं. "बाई, धा-पंधरा दिस पुढं ढकलता यील काय?"

"मामा, ही काय एष्टी हाय व्हय, हात करून थांबवायला?"

मामींनी हे चुलीपाशी ऐकलं आणि त्या दिवशी मलकापूरला राज्य सरकारचा खरा आवाज कळला. पण मामा खचले नाहीत. सुमनने जोराने हसायचं नाही, शिंकायचं नाही, उंबरा जपून ओलांडायचा, असा हुकूम निघाला. गमतीच्या गोष्टी सांगणं त्यांनी स्वतः बंद केलं. उपयोग काही झाला नाही. अठ्ठावीस मार्चला पहाटे मुलगी झाली. मामांनी बोटं मोजली आणि म्हणाले, "पाचवी एक एप्रिलला. ततनं पुढचं समदं नव्या वर्षात बसतंय. मधल्या चार दिसांचाच सवाल हाय." मामी भांडल्या नाहीत. तूप, डिंक, खारीक, खोबरं, आळीव, शेकशेगडीचा कोळसा, सगळी यादी त्यांनी मामांच्या एका हातात दिली आणि दुपट्यातली नात दुसऱ्या हातावर ठेवली. मामा कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसले. मग पेन्सिल मागून घेतली आणि यादीवर एकाखाली एक 'मंजूर' लिहीत गेले.

दुसऱ्या दिवशी ते साताऱ्याला आले, नेहमीप्रमाणे कॅन्टीनच्या रांगेत उभे राहिले, खिडकीपर्यंत पोचले आणि तसेच माघारी फिरले. त्या पैशांचा त्यांनी तुपाचा डबा घेतला, कंदी पेढे घेतले, आणि आमच्या घरी येऊन नुसते म्हणाले, "चला, नात बगाय." आम्ही दोघं त्यांच्याबरोबर मलकापूरला गेलो. संध्याकाळ झाली, दिवे लागले, तरी पितळी माप फळीवरून निघालं नाही. मी मामींकडे पाहिलं. त्यांनी ते माप उचललं, त्यात पातळ तूप भरलं आणि सुमनच्या भातावर ओतलं. मामा भिंतीकडे बघत होते.

एकतीस तारखेला दुपारी मामा वही घेऊन बसले. चहाच्या कराचा डबाही उपडा केला. सगळं धरून साठ पैसे कमी येत होते. मी खिशात हात घातला, तशी त्यांची मान ताठ झाली. "परकी मदत आमी घेत न्हाई, जावईबापू." वर्षभराची फोडणी आणि साबण साठ पैशांत बुडत होते आणि त्यांचा तो पडलेला चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, "मामी, चहा टाकता का?" पहिला कप मोफत झाला. मग मी दुसरा मागितला. मामींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मोठं पातेलं चढवलं. दुसरा, तिसरा, चौथा करत मी सात कप चहा प्यायलो. शेवटचे दोन कसे उतरले ते माझं मला माहीत. मामांनी गंभीरपणे सहा पावत्या फाडल्या, सहा सह्या केल्या आणि वहीत तुटीच्या रकान्यात शून्य लिहिलं. त्या शून्याकडे बघताना त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले असतील, पण ते चहाने असावेत.

"मामा, आता टाचण द्या. उद्याच टाइप करतो," मी म्हटलं.

ते वही मिटून म्हणाले, "न्हाई. ह्या वर्साचं काय धाडाय नगं."

"अहो, यंदा तर टॅली झालंय!"

"कशानं झालं? संरक्षनात कपात केली तवा झालं. मग दिल्लीला काय लिवू, फौजेचा खर्च तोडा म्हनून? शिमेवर आपली पोरं हायती. घरात केलं ते देशाला सांगायचं, अशी माझी रीत. अन् आज केलंय तर सांगता येईना." मग आतल्या खोलीतून बारीक रडणं ऐकू आलं आणि ते उठून आत गेले.

रम त्यांनी पुन्हा आणली नाही. दिल्लीला पुढेही कागद जात राहिले, तूट येत राहिली, आणि क्षमस्वची ओळ मी टाइप करत राहिलो. पण आता ती ओळ सांगताना ते कुरकुरत नसत, कारण तूट बहुतेक वेळा कानपूरला पाठवलेल्या खाऊची असे. मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ती नात मोठी झाली, संसाराला लागली. मागे तिच्या घरी गेलो, तर ती स्वयंपाकघरात त्याच पितळी मापाने फोडणीचं तेल घेत होती. म्हणाली, "काका, आजीने दिलंय. कशाचं आहे हो हे माप?" मी म्हटलं, "संरक्षण खात्याचं." तिला वाटलं, मी चेष्टा करतोय. ती हसली, अगदी मामांसारखी, आणि मला म्हणाली, "चहा घ्या ना आणखी एक कप." मी कप पुढे केला आणि माझा हात आपोआप खिशाकडे गेला.