हेब्रोनला कोणी जायचं

"ती आपलीच आहे. नाताळात चार दिवस आपल्याकडेच तर होती."

हॉलच्या स्वयंपाकघरात मी कप पुसत होते. वाढायच्या खिडकीपलीकडे रॉटरडॅमच्या मावशी कुणाला तरी हे सांगत होत्या. 'ती' म्हणजे मी. कपांचा आवाज होऊ नये म्हणून मी हात आणखी हळू चालवले.

आमची मराठी ख्रिस्ती प्रार्थनासभा महिन्यातून एकदा टिलबर्गमध्ये भरते, एका डच चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये. निम्मी कुटुंबं रॉटरडॅमची, निम्मी आर्नहेमची. टिलबर्ग दोघांना मध्ये पडतं, म्हणून इथे. या गावात राहणारी मी एकटीच. रॉटरडॅमच्या मावशींना उपासना इंग्रजीत हवी होती, कारण त्यांची मुलं मराठी समजतात पण बोलत नाहीत. आर्नहेमच्या काकांना ती मराठीतच हवी होती. उन्हाळाभर ते धुमसत राहिलं, आणि आता दोन वेगळ्या सभा करायच्या का, याचं मत जेवणानंतर घेणार होते. दोन्हीकडची मतं सारखीच भरत होती. माझं मत कुणीच विचारलं नव्हतं. ते आपलंच आहे असं दोघांनीही धरलं होतं.

त्या दिवशीचं वाचन माझ्याकडे होतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी मोठ्याने वाचताना मला जोडाक्षरापाशी थांबावं लागतं. आठवडाभर मी बाथरूमचं दार लावून सराव केला होता. भाग जुन्या करारातला. मेंढपाळाचा राजा झालेला एक माणूस सात वर्षं हेब्रोन नावाच्या गावातून फक्त यहूदा या आपल्या एकाच वंशावर राज्य करतो. बाकीचे वंश दुसऱ्या राजघराण्याकडे असतात, आपापसांत लढाया होतात, माणसं मरतात. शेवटी सगळे वंश हेब्रोनला येतात आणि म्हणतात, आपलं रक्त एकच आहे. राजा त्यांच्याशी करार करतो आणि एक राष्ट्र उभं राहतं.

मी दोनदा अडखळले. कुणी हसलं नाही, पण मावशी माझ्याऐवजी ओठ हलवत होत्या.

मग चर्चा.

"बघा," काका म्हणाले, "शेवटी सगळ्यांना मूळ जागी यावंच लागलं."

"सात वर्षं एकाच वंशाचं वेगळं राज्य चाललं, तेही देवाच्या आशीर्वादानं," मावशी म्हणाल्या. "ते नाही का वाचलंत?"

"वाचलं ना. पण तुमच्या मुलांना कोण वाचून दाखवणार?"

"तुम्हाला जर्मनी जवळ आहे, काका. तिकडेच हॉल बघा की."

दोन-तीन जण हसले. काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, बराच वेळ.

जेवायला उठलो तेव्हा खरी पंचाईत कळली. प्रीतिभोजनाची, म्हणजे उपासनेनंतर सगळ्यांना जेवण आणायची, पाळी एक महिना रॉटरडॅमची, एक महिना आर्नहेमची. या वेळी कुणाची, हे विचारायचा कमीपणा कुणी घेतला नव्हता. दोघांनीही सगळ्यांचं जेवण करून आणलं होतं. एका भिंतीला रॉटरडॅमचं टेबल, मटण पुलावाचं पातेलं आणि कोशिंबीर. समोरच्या भिंतीला आर्नहेमचं टेबल, तिथेही मटण पुलाव आणि कोशिंबीर. बाकीचे आपापल्या भिंतीकडे गेले.

मी ताट घेऊन मध्ये उभी राहिले.

"ये गं," मावशींनी डाव उचलला.

"इकडे ये, बाळा," काका म्हणाले. "तुझे आजोबा आमच्याच गावचे."

त्यांनी हे अगदी प्रेमाने म्हटलं होतं. मावशींचंही प्रेमच होतं. माझ्या तापात त्या ट्रेनने खिचडी घेऊन आल्या होत्या. पण ज्या टेबलाशी मी जाईन तिकडे एक मत जास्त होणार होतं, आणि सगळ्यांचं लक्ष माझ्या पायांकडे होतं.

वाचलेला भाग अजून डोक्यात होता. मला वाटलं, इथे प्रत्येक जण स्वतःला हेब्रोनमध्ये बसलेला राजा समजतोय. समोरच्यांनी उठावं, चालत यावं, आपण एकच आहोत असं म्हणावं, आणि मग आपण मोठ्या मनाने करार करावा. ते वंश ज्या दिवशी हेब्रोनला जायला निघाले, तो दिवस कुणालाच आपला वाटत नव्हता. ज्यांच्याशी लढलो त्यांच्या दाराशी जाऊन 'आम्हाला तुम्ही हवे आहात' असं म्हणणं. मलाही ते कधी जमलेलं नाही. मला काही हवं असलं की मी हसते आणि विषय बदलते. आता हसले असते तर जेवणानंतर हात वर झाले असते आणि पुढच्या महिन्यात हा हॉल बंद राहिला असता.

इंग्रजीत वाक्य तयार होतं, पण इंग्रजीत बोलले असते तर तेही मावशींच्या बाजूचं मत ठरलं असतं. मी मराठी शब्द एकेक करून शोधले.

"मावशी, काका, तुम्ही वेगळे झालात तर मी इथे एकटी उरते. मला तुम्ही दोघंही हवे आहात."