जोसेफ परेरा नेमके कोणते?

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या गावाने जगातल्या यच्चयावत सोशल मीडियाचा त्याग केला असून, यापुढे गावच्या बातम्या, फोटो आणि भांडणं गावाच्या स्वतःच्या जागेत होतील.

ही घोषणा मीच टाइप केली होती. आमचं गाव उमेळ्याच्या पलीकडचं. मी एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं म्हणजे, मी गळा पुढे केला होता.

कारण तसंच होतं. गावचे निवृत्त शिक्षक ऑगस्टीन सर यांच्या मेव्हण्याच्या निधनाची पोस्ट त्यांना दोन दिवसांनी दिसली. तोवर दफन होऊन गेलं होतं. तिथे कुणाला काय आणि कधी दाखवायचं ते अल्गोरिदम, म्हणजे कंपनीचा हिशेबी प्रोग्रॅम, ठरवतो. त्याने सरांना आधी लोणच्याची जाहिरात दाखवली.

मी गावासाठी फोरम उभा केला. फोरम म्हणजे पारावरच्या गप्पाच, फक्त विषयवार लावलेल्या. सर्व्हर आपला, जाहिरात नाही, नवं ते सगळ्यांत वर. माझा खास अभिमान म्हणजे ‘निधन’ हा विभाग. तिथे बातमी पडली की सगळ्यांच्या फोनवर त्याच क्षणी अलर्ट.

त्याआधी गावच्या मीटिंगमध्ये सरांनी एकच शंका काढली होती. ‘‘विल्सन, यात घरनाव कुठे लिहायचं?’’

आमच्याकडे आडनावं मोजकी, नावं त्याहून मोजकी. जोसेफ परेराच पाच आहेत. म्हणून प्रत्येक घराला एक नाव असतं. बावखलाजवळ, म्हणजे गावतळ्याजवळ राहतात ते बावखलवाले. ज्यांचे आजोबा सुतार होते ते करवतवाले. मी सरांना ऐटीत सांगितलं, ‘‘सर, जगातल्या कुठल्याही सिस्टिममध्ये घरनाव नसतं. नाव, आडनाव, बस्स.’’

तिसऱ्या आठवड्यात, एका सकाळी, मी घरूनच काम करत असताना फोनवर पहिला अलर्ट आला. ‘जोसेफ परेरा यांचे निधन. दफनविधी आज चार वाजता.’ सरांनी टाकला होता. मला, देवा क्षमा कर, आनंद झाला. सिस्टिम चालली होती.

मग जोसेफ परेरांचाच फोन आला.

‘‘विल्सन, माझ्या दारात माणसं जमलीत. एकाने हारही आणलाय. मी काय करू?’’

हे बावखलवाले जोसेफकाका. गेले होते ते करवतवाले. मी काकांना घराबाहेर खुर्ची टाकून बसायला सांगितलं, म्हणजे येणाऱ्याचा प्रश्न दुरूनच सुटेल. काका हसले नाहीत. हळूच म्हणाले, ‘‘बायने वाचलं असेल तर?’’

बायही फोरमवर होती. बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण, रोझीबाय. राहते चंदनसारला. चार महिन्यांपूर्वी तिची बायपास झालेली. मुलगा-सून नोकरीला गेले की दिवसभर एकटी.

पोस्ट काढून टाकली. पण पोस्ट काढता येते, गेलेला अलर्ट परत बोलावता येत नाही. म्हणून दुसरा पाठवला: ‘करवतवाले जोसेफ गेले. बावखलवाले आहेत.’ मग सर्व्हरचा लॉग उघडला. लॉग म्हणजे कुणी काय कधी उघडलं त्याची नोंद. रोझीबायने पहिली पोस्ट दहा बावन्नला उघडली होती. दुसरी उघडली नव्हती. त्यानंतर काहीच नव्हतं.

काकांनी तिला सात वेळा फोन केला. आधी एंगेज. मग नुसतीच रिंग.

मी स्कूटर काढली आणि काकांना मागे बसवलं. गावातून निघताना हार घेऊन येणारे दोघे वाटेत थांबले आणि आमच्याकडे बघतच राहिले. काकांनी सवयीने हात केला, त्याने तर ते आणखीच दचकले. एरवी हा किस्सा मी महिनाभर पुरवला असता. त्या दिवशी मला फक्त मागे बसलेल्या माणसाचं पुटपुटणं ऐकू येत होतं. तो ‘नमो मरिया’ची प्रार्थना म्हणत होता आणि दर सिग्नलला पहिल्यापासून सुरू करत होता.

चंदनसारला बिल्डिंगखाली पोचलो. दुसऱ्या मजल्यावरचं दार सताड उघडं. काका पायरीवरच थबकले. ‘‘तू आधी जा,’’ म्हणाले.

करवतवाल्यांच्या दफनाला चार वाजता अख्खं गाव वेळेवर हजर होतं, हे आधीच सांगून टाकतो. संध्याकाळी मी फॉर्ममध्ये तिसरा रकाना घातला: घरनाव, भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. बड्या कंपन्यांचं घर सोडताना त्यांचे नियम खिशात घालून आणू नयेत, एवढं मला कळलं. ऑगस्टीन सरांनी तो सगळ्यांत आधी भरून पाहिला.

तर, मी आत गेलो. वास जावा म्हणून दार उघडं टाकून रोझीबाय मोरीपाशी पाटावर बसून बोंबील साफ करत होती. सारखा वाजतो म्हणून फोन तिने तांदळाच्या डब्यात ठेवला होता. माझ्या मागून काका आत आले आणि भिंतीला धरून उभे राहिले. तिने दोघांकडे पाहिलं आणि न कळवता आलात, आता बोंबील पुरायचे नाहीत, म्हणून कुरकुरली.

मी विचारलं, बाय, तू ती बातमी वाचली नाहीस?

‘‘वाचली की. पण याच्या तोंडात कधी तीळ भिजलाय? हा गेला असता, तर सगळ्यांत आधी यानेच मला फोन केला असता.’’