लांबूचे सोमवार

आमच्या दुकानावरची खोली मिशनवाल्यांनी भाड्याने घेतली, त्याला आता बरीच वर्षं झाली. पोरं येतात, चार-सहा महिने राहतात, जातात. पांढरा सदरा, काळी पँट, खिशावर नावाची पट्टी आणि कायम दोघं दोघं. त्यांची नावं मी लक्षात ठेवत नाही, कारण ती तोंडात बसेपर्यंत पोरगा बदललेला असतो. माझा धंदा उसवण्याचा आणि शिवण्याचा, म्हणजे कपडे लहानमोठे करून द्यायचे, त्यामुळे मला माणसं पँटवरून आठवतात. एक होता कमरेत ढिला. एक होता गुडघेफाट्या. तो प्रार्थना जरा जास्तच मनापासून करायचा.

लांबू आला तेव्हा त्याची पँट घोट्याच्या वर संपत होती. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची घालून आलाय. पण पँट त्याचीच होती. घर सोडल्यावरही पोरगा वाढत होता! मी दुमड उसवून होतं नव्हतं तेवढं कापड खाली सोडलं आणि त्याला म्हटलं, "आता आणखी वाढलास तर माझ्याकडे इलाज नाही." तो आमची भाषा पुस्तकातून शिकून आला होता. फार गंभीरपणे म्हणाला, "मी प्रयत्न करीन, काकू."

त्याच्या जोडीदाराचं नाव मी 'नियम' ठेवलं होतं. जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही, असा त्यांच्यात नियम आहे. बाकीची पोरं तो आपापल्या सोयीने पाळायची, पण हा पठ्ठ्या लांबू नुसता सुईदोरा मागायला खाली आला तरी मागोमाग येऊन पायरीवर उभा राहायचा. वाईट नव्हता. पण त्याला काहीही विचारलं की उत्तराच्या आधी नियम यायचा.

आठवडाभर त्यांची दारोदार पायपीट चालायची. सकाळी वर पुस्तकं वाचल्याचा आवाज, मग जिन्यावर बुटांचा आवाज, आणि संध्याकाळी तेच बूट, पण सकाळच्यापेक्षा सावकाश. लोक तोंडावर दार लावायचे. काही घरात घ्यायचे, पाणी द्यायचे आणि सगळं ऐकून घेऊन "आम्हाला नको" म्हणायचे. लांबूच्या मते ते मनाला जास्त लागायचं. बुधवारी ते फुकट भाषा शिकवायचे. त्याला गर्दी व्हायची आणि धर्माचं पुस्तक उघडलं की ती पांगायची. शनिवारी कुणाचं घर बदलायचं असलं तर कपाटं उचलायला जायचे. त्या कामाला मात्र त्यांना कुणीच नाही म्हणायचं नाही. रविवारी टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्यांची प्रार्थना असायची आणि संध्याकाळी मिशनच्या साहेबांना फोन.

फोनला रेंज जिन्यातच यायची, त्यामुळे माझ्या कानावर पडायचंच. त्यांची भाषा मला येत नाही. पण किती दारं वाजवली, किती जणांनी आत घेतलं, बाप्तिस्म्याला कोण तयार आहे, असं ओळीने विचारतात हे मला आधीच्या पोरांनी सांगितलं होतं. शेवटच्या प्रश्नाला लांबू आवंढा गिळायचा आणि एक शब्द बोलायचा. त्या शब्दाचा अर्थ मला कुणी सांगावा लागला नाही.

त्याचा बाप तरुणपणी असाच मिशनवर गेला होता, थोरला भाऊही. दोघांच्या हातून माणसांचे बाप्तिस्मे झाले होते. मिशनच्या दोन वर्षांतलं लांबूचं दीड सरलं होतं आणि त्याच्या हातून एकही नाही. आई दर सोमवारी फोनवर विचारायची. ती काळजीनेच विचारायची, पण फोन ठेवल्यावर पोराचं तोंड एवढंसं व्हायचं.

सोमवार त्यांच्या सुट्टीचा. कपडे धुवायचे, सामान भरायचं, घरी फोन करायचा, केस कापायचे. केस कानाच्या वर हवेत, हाही नियम. तर एका सोमवारी नियमने मागच्या अंगणात लांबूला स्टुलावर बसवून त्याच्या डोक्यावर मशीन फिरवलं. तो कापत होता की तासत होता कोण जाणे. लांबू उठला तेव्हा त्याचं डोकं एका बाजूला गवत काढल्यासारखं आणि दुसऱ्या बाजूला तसंच होतं.

हे माझ्या सासऱ्यांनी खिडकीतून पाहिलं.

माझे सासरे न्हावी. सासूबाई गेल्या आणि त्यांनी दुकान बंद केलं. दुकानातली खुर्ची तेवढी घरी आणली, माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवली आणि त्या खुर्चीत स्वतः बसून राहिले. बोलणं जवळजवळ बंदच केलं. जेवायला वाढू का, तर हूं. दिवा लावू का, तर हूं. आमचे हे लॉरीवर असतात, चार-चार दिवस घरी नसतात. एवढ्या हुंकारांबरोबर संसार मी एकटीने केला. मला त्यांची दया यायची आणि वैतागही यायचा, दोन्ही खरं.

त्या दिवशी ते खुर्चीतून उठले, दारात गेले आणि ओरडले, "कुणी कापले रे?"

मी शिलाई मशीनवरचा पाय काढला. लांबूने नियमकडे बोट केलं.

"खाटीक आहेस का?" सासरे नियमला म्हणाले. मग लांबूला म्हणाले, "तू ये इकडे. बस."

पत्र्याच्या पेटीतून कात्री निघाली, फणी निघाली. माझ्याकडून अस्तराचं कापड मागून घेतलं आणि लांबूच्या गळ्याभोवती बांधलं. कात्री दोनदा हवेत वाजवून बघितली.

लांबूला वाटलं, चालून आलेली संधी. त्याने सुरुवात केली. "आजोबा, देव आपल्या प्रत्येकाला—"

"मान खाली."

"प्रत्येकाला नावाने ओळखतो, आणि—"

"बोलताना हलू नकोस, कान जाईल."

इतके दिवस हा लोकांना धरून बसवायचा, आता त्यालाच उठता येईना. मी कापड तोंडाला लावून हसले. नियम भिंतीला टेकून उभा होता. तोसुद्धा हसला असं मला वाटलं, पण खात्री देत नाही.

पुढच्या सोमवारी सासऱ्यांनी खिडकीतून हाक मारली, "लांब्या, वाढले असतील बघ." आठवड्यात असे कितीसे वाढणार! पण तो आला. मग हे दर सोमवारचं झालं. कापायला केसच नसायचे. म्हातारा मानेवरची रेघ नीट करायचा, कानामागे कात्री नुसती वाजवायचा आणि तासभर लावायचा. लांबू आपला धडा सांगायचा. सासरे मध्येच विचारायचे, तुझा बाप काय करतो, तुमच्याकडे थंडी किती, आई तुला काय म्हणून हाक मारते. लांबू धडा सोडून उत्तर द्यायचा आणि परत धड्यावर यायचा. कुठे सोडला होता ते सासरे त्याला सांगायचे, म्हणजे ऐकत होते. रविवारच्या फोनवर आता जरा लांब वाक्यं ऐकू यायला लागली.

आणि घरात म्हातारा बोलायला लागला. आमटीत मीठ कमी आहे म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी भांडलेच नाही.

मग बदल्यांचे दिवस आले. त्यांच्यात ठरावीक काळाने पोरांना दुसऱ्या गावी हलवतात. सासऱ्यांनी नियमला विचारलं, "याला पण नेणार का?"

नियमने नियम सांगितला. "एखाद्याचं शिकणं चालू असेल तर ते पुरं होईपर्यंत शिकवणाऱ्याला सहसा हलवत नाहीत."

 त्यानंतरच्या सोमवारी लांबूच्या गळ्याचं कापड सोडता सोडता सासरे म्हणाले, "ते तुमचं पाण्यात बुडवणं. मी घेतो."

लांबू उठला तो छताला टेकेल असा. त्याने म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले, कात्रीसकट. नियमने लगेच तारीख काढली, येत्या रविवारची. त्या दिवशी घरी फोन झाला तेव्हा पलीकडे आई रडल्याचं मला जिन्याखाली ऐकू आलं.

माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. घरचा देव, घरची रीत आहे, ती अशी खुर्चीत बसल्या बसल्या बदलायची? संध्याकाळी हे लॉरीवरून आले तशी मी त्यांच्यापुढे पाढा वाचला. ते हात धुवत धुवत म्हणाले, "बाबा बोलतायत ना? मग बुडू दे की पाण्यात. टॉवेल दे." या माणसाला कशाचं गांभीर्य म्हणून नाही.

आणि वरून पांढरे कपडे मलाच शिवायला लागले. बाप्तिस्म्याला पांढरा सदरा, पांढरा पायजमा लागतो आणि त्यांच्या हॉलमधला जोड सासऱ्यांच्या अंगावर पिशवीसारखा लोंबत होता. मी शिवत होते आणि रागवत होते. सदरा चांगला झाला, ते वेगळं.

शनिवारी सासऱ्यांच्या अंगावर तो घालून मी कडेला टाचण्या लावत होते. लांबू आणि नियम समोर बाकावर बसले होते. सासरे आरशात बघत होते. त्यांची कळी अशी खुललेली मी सासूबाई गेल्यापासून पाहिली नव्हती.

"झालं बाबा एकदाचं," ते म्हणाले. "आता तू इथलाच. आता कोण हलवतो तुला बघू."

लांबू हसत होता. हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. "कोण म्हणालं, आजोबा?"

"हा नाही का म्हणाला? शिकवणाऱ्या माणसाला हलवत नाहीत. मी तर आता पुरता तुमचा झालो. मग कसे हलवतील?"

माझ्या लक्षात आलं. नियमच्याही आलं. सासऱ्यांनी नियम बरोबर ऐकला होता आणि उलटा लावला होता. शिकणं चालू होतं म्हणूनच तर लांबू इथे होता. उद्या सासरे पाण्यातून बाहेर आले की शिकणं पुरं, आणि तो मोकळा.

मी लांबूकडे डोळे वटारून बघितलं. एकच दिवस गप्प राहा. रविवार होऊ दे, तुझ्या आईला फोन कर, पुढचं मी बघते. नियमनेही त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तसं नाही, आजोबा," लांबू म्हणाला. "उद्या झालं की माझं इथलं काम संपतं. मग मला हलवतील."

टाचणी माझ्या बोटात गेली. सासरे आरशातून त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"मग उद्या नको! शिकतोच की अजून. पुढच्या महिन्यात बघू. नाहीतर त्याच्या पुढच्या. मला काय घाई आहे?"

"आजोबा, मी जे सांगितलं त्यावर तुमचा विश्वास आहे का?"

"तुझ्यावर आहे."

"माझ्यावर नको," लांबू म्हणाला. "मी जे सांगितलं, त्यावर."

सासरे सदऱ्यावरच्या टाचण्या चाचपत राहिले. खोटं त्यांनाही धड बोलता येत नाही. लांबू उठला आणि जिन्यात गेला. त्याच्यामागे नियम. फोन लागला. या वेळी आवंढा ऐकू आला नाही. तो सरळ बोलला, थोडंच बोलला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता, ते त्याने ऐकून घेतलं. मला वाटलं, आता आईलाही करेल. पण आईला फोन सोमवारीच.

नियम एकटाच खाली आला. जोडीदाराला वर सोडून आला याचं त्याचं त्यालाच भान नव्हतं. सासऱ्यांनी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, इथे कुणी शिकत नाही. कुणी तयार नाही. मला हलवा."

सासरे टाचण्यांसकट खुर्चीत बसले. मी ओरडले, टोचतील म्हणून, पण त्यांना ऐकू गेलं नसावं. थोड्या वेळाने लांबू दारात येऊन उभा राहिला. डोळे लाल झाले होते.

"एवढं एक खोटं बोलवेना तुला माझ्यासाठी?" सासरे म्हणाले.

मलाही त्याचा संताप आला. लोकांनी तोंडावर दारं लावली तर त्यांचं काय चुकलं, असं वाटून गेलं. इतका खरा माणूस घरात घेऊन करायचं काय?

बुधवारी त्याला न्यायला गाडी आली. सोमवारी तो केसांसाठी खाली आला नव्हता आणि त्याला कुणी हाकही मारली नव्हती. बॅग खाली ठेवून तो मागच्या खोलीच्या दारापाशी गेला. दार आतून लावलेलं होतं.

"आजोबा, मी निघतो."

त्याने पुन्हा सांगितलं. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला. मी म्हटलं, "जा बाबा आता, नाही उघडणार ते." तेवढ्यात आतून आवाज आला. दाराला अगदी चिकटून उभे असणार.

"तिकडे कुणाला आजोबा म्हणू नकोस."

मी हात जोडले. खरोखर जोडले, त्याला दिसतील असे. हो म्हण, मेल्या. म्हातारा काय तिकडे ऐकायला येणार आहे?

लांबूने माझ्या हातांकडे बघितलं. मग कपाळ दाराला टेकवलं.

"म्हणावं लागेल, आजोबा," तो म्हणाला.