यानाची तब्येत

गुरू ग्रहाकडे निघालेल्या यानाची काळजी वाहणारे शास्त्रज्ञ जगात पुष्कळ असतील, पण त्याला कणकण तर आली नाही ना, हे रोज सकाळी बघणारी बाई एकच, आणि ती माझी थोरली नणंद. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. आखाडा बाळापुरात आणि भोवतालच्या तांड्यांवर त्यांनी नर्स म्हणून उभा जन्म काढला. त्यांची सुई न खाल्लेला दंड या भागात शोधून सापडायचा नाही. निवृत्त झाल्या आणि तपासायला कोणी उरेना. घरातल्यांच्या नाड्या दिवसातून तीनदा बघून झाल्या, म्हशीला थर्मामीटर लावून झाला. तेवढ्यात मोबाईलवर ते यान उडताना दिसलं. आत माणूस नाही आणि पोचायला कैक वर्षं लागणार, हे कळल्यावर आक्का कळवळल्या. "एवढं लांब, अन संगं कोणीच न्हाई?" त्या दिवसापासून यान त्यांच्या देखरेखीखाली आलं.

यानाची खबर इंटरनेटवर इंग्रजीत, आठवड्यातून एकदा येते. आक्का रोज बघतात. लसीकरणाच्या उरलेल्या वहीत त्यांनी रकाने आखले आहेत: ताप, इंधन, झोप, शेरा. प्रवासात बरीचशी यंत्रं बंद ठेवतात, ती झोप. शेवटच्या रकान्यात बहुतेक एकच शेरा, 'काही विशेष नाही'. "आक्का, तेच ते लिहून कंटाळा न्हाई येत?" मी एकदा विचारलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं, पेशंटचं काही विशेष न्हाई, याच्याहून गोड बातमी असती का?" वाट जराशी सरळ करायला यानानं चार सेकंद इंजिन चालवलं की आमच्याकडे शिरा होतो. टीव्हीची छत्री दुरुस्त करायला आलेला माणूस म्हणाला, ढगामुळे चित्र येत नाही. आक्कांनी त्याला शिडीवरून खाली उतरवलं. "माझं कोट्यवधी कोसांवरून बोलून राहिलं, अन तुला ढग आडवा येतो?"

मग तो पंधरवडा आला. यान आणि पृथ्वी यांच्या मधोमध सूर्य येणार, तोवर यानाशी बोलणं बंद, असं आधीच जाहीर झालं होतं. आक्कांना ते बराबर ठाऊक होतं, तरी तिसऱ्या दिवसापासून त्यांची भाकरी अर्ध्यावर आली. पाचव्या दिवशी बाजारात भाजीवालीनं विचारलं, "बाई, तोंड काहून उतरलं?" आक्का बोलून गेल्या, "पाच दिवस झाले, त्याचा आवाज न्हाई. एकटंच हाय तिकडं."

भाजीवालीला वाटलं, मुलगा. आक्कांचा एकुलता एक मुलगा नाशिकला नोकरीला असतो. दुपारपर्यंत आमच्या अंगणात सतरंज्या पडल्या. बायका आक्कांचा हात धरून बसल्या. "धीर धरा बाई, सापडंल पोरगं."

"धीर धरूनच हाये," आक्का म्हणाल्या. "मधून सूर्य सरकला की बोलंल."

बायकांनी तोंडाला पदर लावले. दुःखानं बाईचं डोकं फिरलं, हे सगळ्यांचं एकमत झालं आणि कोणीतरी थेट मुलाच्याच मोबाईलवर कळवलं, आई हातची गेली, लवकर ये. दोन वर्षं ज्याला गावाकडे यायला सवड झाली नव्हती, तो दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा.

आक्कांनी आधी त्याची नाडी धरली. "काहून आला? तब्येत बराबर हाय ना?"

"माझी हाय. तुझी बघाया आलो."

खरा प्रकार कळल्यावर तो पोट धरून हसला. मग वही चाळायला लागला आणि पानामागून पान उलटताना त्याचं हसू ओसरत गेलं. एका दिवसासाठी आलेला माणूस नऊ दिवस राहिला. रोज सकाळी मायलेक मोबाईलवर डोकी टेकवून बसायची. अखेर एक ओळ आली: संपर्क सुरू, सर्व यंत्रणा ठीक. आक्कांनी ती स्वच्छ अक्षरात वहीत उतरवली आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या.

मुलगा परत गेल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून खबर कुठे बघायची ते दाखवलं. मी म्हटलं, "मला इंग्रजी कुठं येतं, आक्का?"

"सगळं वाचायचं न्हाई. हे दोन शब्द दिसले की समज, बरं हाय."

"पण मला काहून शिकवून राहिलात?"

"त्याला पोचायला अजून लई वेळ हाय," दुधावर झाकण ठेव म्हणावं इतक्या सहज त्या म्हणाल्या. "तवर माझं काय सांगावं? कोणीतरी बघाया पाहिजे ना."

मी जराशी जवळ सरकून बसले आणि ते दोन शब्द पुन्हा दाखवायला सांगितले.