इस्त्रीच्या गाडीवर हवाईचे राजे

इस्त्रीच्या गाडीवर कपडे येतात तसे किस्सेही येतात. कपड्यांचं बरं असतं, संध्याकाळी ज्याचे त्याच्या घरी जातात. किस्से न्यायला कुणी येत नाही! ते माझ्याकडंच पडून राहतात, घडीवर घडी. त्यातले थोडे आज खाली काढतो. सावकाश सांगतो, कोळशाची इस्त्री घाईनं तापत नसते.

आमची सोलापुरातली बैठक चौघांची. मी, बाशाभाई रिक्षावाला, चादरीच्या मागावर जन्म काढलेला नरसय्या, आणि शाळेतून रिटायर झालेल्या बाई. बाईंचा मुलगा तिकडं हवाई बेटावर हॉटेलात नोकरीला. त्यानं तिथल्या राजांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक पाठवलं. बाईंना वर्गाशिवाय करमत नाही, म्हणून दुपारी निंबाखाली आमचा वर्ग! बाई वाचणार, मराठीत सांगणार, आणि वर प्रश्न विचारणार. मी शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. ती हौस अशी फिटली.

एक गोष्ट आधीच सांगतो. त्या दिवसांत नरसय्याची बायको लक्ष्मीअक्का जवळच कुंभारी गावाला लेकीकडं जाऊन राहिली होती. कारण काय, तर अक्काला शुगर. गोळी घेतली की लगेच जेवायचं, असं डॉक्टरनं बजावलेलं. एका दुपारी हा घरी आला तर अक्का जेवत होती. जन्मभर ह्याच्या मागनं जेवलेली बाई! आणि हा शेजाऱ्यांसमोर म्हणतो, "मालकाच्या आधी जेवायची पद्धत कुटली ही?"

अक्कानं ताटातच हात धुतला, पिशवी उचलली आणि बस धरली.

तिला आणायला ह्यानं जायला पाहिजे. हा जाईना. "गेली तशी यील की," म्हणायचा. आणि चेहरा असा, की बोळा करून टाकलेला शर्ट!

*

पहिल्या दिवशी बाईंनी राजाचा झगा सांगितला. सगळा पिसांचा. बारक्या पाखरांची पिवळी पिसं एकेक करून जमवायची. एका झग्याला किती माणसांचे हात लागत असतील, बघा!

नरसय्या मागावरचा माणूस. लगेच सरसावून बसला. "बाई, ताणा कसला? बाणा कसला?"

"विणलेला नाही हो. सुताच्या जाळीवर पिसं बांधायची."

"धुवायचा कसा?"

बाईंनी पुस्तक चाळलं. धुण्याचं काही लिहिलेलं नव्हतं. मग तिघंही माझ्याकडं बघायला लागले. मी इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हणालो, "हे गिऱ्हाईक माझ्याकडं पाठवू नका."

*

मग आला कामेहामेहा. सगळी बेटं एका राज्यात आणणारा, मोठा लढवय्या. तरुणपणी गरीब कोळ्यांना लुटायला त्यांच्या मागं धावताना त्याचा पाय खडकात अडकला. एका कोळ्यानं वल्हं असं हाणलं डोक्यात, की वल्ह्याच्या चिरफळ्या! पुढं त्या कोळ्याला धरून समोर आणलं, तर राजा म्हणाला, चूक माझीच होती. त्याला सोडलं, आणि कायदा केला. म्हातारं माणूस, बाई, पोर रस्त्याच्या कडेला झोपलं तरी त्याला कुणी त्रास द्यायचा नाही.

बाईंनी विचारलं, "नरसय्या, यातून काय शिकलात?"

"डोक्याला फेटा बांधावा."

मी म्हटलं, "अरे, अक्कानं तुला वल्हंबी मारलं न्हाय. नुसती बस धरली."

बाशाभाईला मात्र कायदा लई आवडला. दुसऱ्याच दिवशी रिक्षा रस्त्याला लावून मागच्या सीटवर झोपला. ट्रॅफिक हवालदार आला. बाशाभाईनं झोपल्या झोपल्या त्याला अख्खा कामेहामेहा ऐकवला! "साहब, राजा का कानून है. बुड्ढे आदमी को उठाने का नै."

हवालदारानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "बरोबर हाय राजाचं. तुमी झोपा, चाचा. फक्त रिक्षा काढा."

*

पुढचा एक राजा हौशी. कालाकौआ त्याचं नाव. गाणं, नाच, मेजवान्या! तो सगळ्या पृथ्वीला फेरी मारायला निघाला. बाई म्हणाल्या, हिंदुस्थानातही आला होता. कलकत्त्याहून आगगाडीनं मुंबईला गेला.

नरसय्या उठून उभाच राहिला. "म्हंजी सोलापूरवरनं गेला!"

"तसं पुस्तकात नाही. कलकत्त्याची गाडी इकडून कशाला येईल?"

"लिवणाऱ्याला झोप लागली आसंल तवा."

ते तेवढ्यावर राहिलं असतं तर ठीक. चार दिवसांनी कोपऱ्यावरचा चहावाला मलाच सांगतो, "मामा, तुमाला म्हायती हाय का? हवाईच्या राजानं आपल्या ठेसनावर उतरून चादर नेली हुती. म्हणला, हितली ऊब आमच्याकडं न्हाय!" मी चहा प्यालो.

नरसय्याला गाठून बाई म्हणाल्या, "राजा पृथ्वीला फेरी मारून घरी परत गेला. तुम्हाला कुंभारीला जाववेना!"

नरसय्या म्हणाला, "त्याच्यासंगं नोकर हुते."

*

शेवटच्या राणीची गोष्ट ऐकताना माझी इस्त्री थांबायची. लिलिउओकलानी. गोऱ्या बागायतदारांनी तिचं राज्य काढून घेतलं आणि पुढं तिला तिच्याच वाड्यात एका खोलीत कोंडलं. तिनं काय करावं? रेशमाचे तुकडे जोडून गोधडी शिवत बसली! वर्तमानपत्र द्यायची बंदी होती. पण बागेतली फुलं यायची ना, ती कागदात गुंडाळून. फुलं ठेवायची, कागद वाचायचा.

बाशाभाई हसला. "क्या दिमाग है राणी का!"

नरसय्या हसला नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून मोगऱ्याचा गजरा आणला आणि वर्तमानपत्रात बांधून हळूच बाशाभाईकडं दिला. "कुंभारीकडं जाशील तवा दे. कुणी दिला सांगू नको."

बाशाभाई संध्याकाळी परत आला. नरसय्या रस्त्यावरच उभा. "काय म्हणली?"

"गजरा लेकीला दिया. कागद पढी. बोली, ह्यो परवाचा हाय. धाडायचा तर आजचा धाडा."

*

मग एक दिवस जेवणाची गोष्ट निघाली. त्या बेटांवर जुना कडक नियम. बाई आणि बाप्या एका जागी जेवायचे नाहीत. बाईनं केळं खाल्लं तरी मरणाची शिक्षा! कामेहामेहा वारला, त्याचा पोरगा लिहोलिहो गादीवर आला. त्याच्या आईनं आणि सावत्र आईनं धोशा लावला, हा नियम मोड. मेजवानी मांडली. बायकांची पंगत वेगळी, पुरुषांची वेगळी. पोरगा उठला. पाहुण्यांची विचारपूस केल्यासारखा पंगतीभोवती फिरत राहिला. मग एकदम बायकांच्यात जागा बघून बसला.

इस्त्रीत निखारा तडतडला.

नरसय्या म्हणाला, "उगं बसला, का जेवला?"

"जेवला. चांगला भरपूर जेवला."

"मग काय झालं त्याला?"

"त्या दिवशी काही झालं नाही, नरसय्या. आभाळ जागेवर राहिलं."

*

त्यानंतर कुंभारीला नरसय्याच्या पणतीचं बारसं आलं. आम्हा सगळ्यांना आवतन. नरसय्याला तर जाणं भागच होतं. बाशाभाईच्या रिक्षात सगळ्या वाटंनं बाहेर बघत बसला.

अक्का दिसली. हिनं पाहिलं नाही, ह्यानं पाहिलं नाही. पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या. पुरुषांची पंगत बसली. नरसय्या बसेना. "भूक न्हाय," म्हणाला. आम्ही जेवून उठलो.

मग बायकांची पंगत मांडली. भिंतीकडेला अक्का बसली, पर्समधून गोळी काढून खाल्ली. शेजारचं एक ताट मोकळं होतं. कुणीतरी बाळंतिणीकडं गेलेली.

नरसय्या पंगतीत शिरला. "मीठ वाडलं का? पाणी हाय का समद्यास्नी?" असं करत एक चक्कर मारली. दुसरी मारली. बाईंनी जेवता जेवता मान वर केली. बाशाभाईनं तोंडात टाकलेलं पान चावायचं थांबवलं.

आणि नरसय्या त्या मोकळ्या ताटावर बसला!

लेक वरणाची पळी हातात धरून तशीच उभी. जावई दारात. नरसय्यानं कुणाकडं बघितलं नाही. पोळीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि घाईघाईनं चावायला लागला.

अक्कानं आपल्या ताटातली शेंगाची चटणी त्याच्या ताटात सरकवली. मान खाली ठेवूनच म्हणाली, "सावकाश जेवा. बायकांची पंगत हाय, समद्या उठूस्तवर उठता यायचं न्हाय."